हनुवटी, तळहात, बोट आणि जीभ

धाकट्याच्या जिभेला काहीतरी झालंय हे ताईंना पहिल्या घासालाच कळलं. तो एकाच बाजूनं चावत होता, पाणी पिताना डोळे घट्ट मिटत होता, आणि "मीठ जास्त झालंय का रे?" याला नुसती मान हलवत होता. एरवी मिठावरून अर्धा तास बोलेल असा माणूस.

"जीभ दाखव."

"काही नाही गं. चावली गेली."

"कधी?"

"दुपारी. डबा खाताना."

ताईंनी हात पुसले, ओट्यावरचा त्याचा डबा उघडला आणि त्याच्यासमोर ठेवला. सकाळी भरून दिला होता तस्सा होता. झाकणाच्या आतली वाफसुद्धा थेंब होऊन तशीच लोंबत होती.

"म्हणजे डब्याच्या आधी," धाकटा म्हणाला. "चहा पिताना."

"चहा चावून पितोस हल्ली?"

तो हसला, पण हसताना कळ आली असावी, कारण हसू मध्येच सोडून दिलं. मग ताट उचलून उठला. अर्धं जेवण ताटातच होतं.

नावाला तो धाकटा. सत्तावन्न वर्षांचा, डोक्यावर केस मोजके, आणि गेली बावीस वर्षं शाळेची बस चालवणारा. बावीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. बेचाळीस पोरं सकाळी घ्यायची, बेचाळीस दुपारी सोडायची. पोरं त्याला बसकाका म्हणत आणि त्यांचे आईबाप घड्याळ म्हणत. त्याची बायको गेली तेव्हा ताई आपला बाडबिस्तरा घेऊन त्याच्याकडे आल्या. त्यांचेही यजमान आधीच गेलेले. दोन एकटी माणसं एका छपराखाली राहिली तर निदान दिवे तरी एकाच घरात जळतात, एवढाच हिशेब. त्याला नऊ वर्षं झाली.

आणि ताई? ताईंनी अठ्ठावीस वर्षं शहराच्या बसमध्ये तिकीट तपासण्याचं काम केलं होतं. चालत्या गाडीत चढायचं, दांडीला हात न लावता उभं राहायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायचं. चेहरा खोटं बोलतो, हात सहसा बोलत नाही, हे त्यांना पहिल्या वर्षातच उमगलं होतं. निवृत्त झाल्या तरी ती नजर काही त्यांना परत करता आली नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा तराजू, शेजारणीचं दुखणं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कॉलनीत मागून त्यांना 'चेकरताई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून बरंही वाटत होतं.

तर दीड महिन्यात हे चौथं. आधी हनुवटी कापली, दाढी करताना. मग डावा तळहात भाजला, किटलीनं. मग उजव्या हाताचं बोट दारात चेमटलं. आणि आता जीभ. प्रत्येक वेळी स्वारी गुपचूप बाजारामागच्या तातडीच्या दवाखान्यात जाऊन पट्टी करून यायची. मोठ्या रुग्णालयाचं हे धाकटं भावंड. किरकोळ दुखण्याखुपण्यासाठी उघडलेलं, वेळ न घेता जावं, तासाभरात बाहेर पडावं असं. ज्या माणसानं तापात कधी गोळी घेतली नाही, दातदुखीत लवंग धरून बसला, त्याला अचानक दवाखान्याचं एवढं प्रेम कुठून आलं?

बरं, आज पहाटे त्यानं स्वतःची चादर स्वतः धुतली होती. ताई उठल्या तेव्हा ती दोरीवर निथळत होती. "चहा सांडला," म्हणाला. पण ताईंच्या आधी चहा करायला तो उठतो कधी?

त्यांच्या मनात एक शब्द आला आणि त्यांनी तो लगेच आत ढकलला. पण शब्दच तो, उशाशी येऊन बसला. पिणं. चादर ओकून घाण झाली असेल. जीभ धडपडून चावली असेल. हात थरथरतो म्हणून हनुवटी, म्हणून किटली. एकेक गोष्ट अशी जागेवर जाऊन बसत होती, की ताईंना स्वतःचीच भीती वाटायला लागली. धाकटा एकटाच पीत असता तर रडून-भांडून सोडवला असता. पण त्याच्या पाठीमागे बेचाळीस पोरं बसतात.

सकाळी तो निघून गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली आणि त्याचा कालचा शर्ट नाकाला लावला. मलमाचा वास. घामाचा. डिझेलचा. दारूचा नाही. वास नाही म्हणून निर्दोष असं त्यांनी आयुष्यात कुणाला सोडलेलं नव्हतं. खिशात हात घातला तर चौथी चिठ्ठी निघाली.

आधीच्या तीन त्यांनी अशाच खिशातून काढून बिस्किटांच्या डब्यात टाचणीला टोचून ठेवल्या होत्या. त्या काढून चारही टेबलावर ओळीनं मांडल्या. चष्मा लावला आणि तपासायला घेतल्या, जशी तिकिटं तपासत तशाच: तारीख, वेळ, क्रमांक, सही. बाकी मजकूर म्हणजे छापील कटकट. तिकिटाच्या पाठीमागचे नियम कोण वाचतं? तारखा बरोबर. क्रमांक बरोबर. वेळ? नऊ दहा. नऊ पंचवीस. अकरा. नऊ वीस. म्हणजे पोरांना शाळेत सोडलं की सरळ तिकडं. आणि हा सांगायचा काय, तर "दुपारपर्यंत गाड्यांच्या आवारात पत्ते कुटतो."

आणि सही. चारही चिठ्ठ्यांवर एकच, गोगलगायीसारखी वेटोळी सही. खाली शिक्का, 'परिचारिका, मलमपट्टी'.

तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरची शिंपीण सुईत दोरा ओवून घ्यायला आली होती. तिला जवळचं दिसत नसे आणि लांबचं सगळं दिसे. टेबलावरच्या चिठ्ठ्या तिनं बरोबर पाहिल्या.

"एकच नर्स?" तिनं बोट ठेवलं. "चारही वेळा? अहो ताई, एवढी वर्षं तिकिटं फाडलीत आणि हे कळत नाही तुम्हाला?"

"फाडली नाहीत, तपासली."

"तेच ते. माणूस एकटा, घरात बाई नाही..."

"मी कोण आहे मग?"

"तुम्ही बहीण. बहीण म्हणजे बाई नव्हे," शिंपीण म्हणाली आणि दोरा दाताखाली तोडला. "पट्टी बांधायला कुणी हात हातात घेतं, फुंकर घालतं. माणूस मग रोज काहीतरी कापून घेतो. आमच्या ह्यांनी नाही का, मी सुई टोचली तर महिनाभर..."

"राहू द्या तुमच्या ह्यांचं."

"बरं राहिलं. पण खरं सांगू का, प्रेमात पडलेल्या माणसाचं लक्ष नसतं. परवा आमच्या नातीचा स्टॉपच सोडून गेले पुढं! ती ओरडली, 'काका, काका!' तर म्हणे आपले समोर बघतायत. पुढच्या वळणावर जागे झाले आणि हसत हसत बस मागे घेतली. पोरांना गंमत वाटली."

ताईंच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधायला दोघी वाकल्या. शिंपीण पुढे बरंच बोलली, पण ताईंच्या कानावर काही गेलं नाही. बावीस वर्षं घड्याळासारखा चालणारा माणूस स्टॉप विसरत नाही. नर्सपायी तर नाहीच नाही. बाटलीपायी विसरतो.

शिंपीण गेल्यावर त्यांनी चारही चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या. देवासमोर दिवा होता, तो वाऱ्यानं विझू नये म्हणून आडोसा केला आणि म्हणाल्या, "खोटं बोलायला चाललेय. सांभाळून घे." दारूचा माणूस सगळ्यांपासून लपवतो, पण जखम बांधणाऱ्याच्या नाकाशीच त्याचं तोंड असतं. ती वेटोळी सही करणारी बाई काय ते सांगणार होती. सांगणार नसेल तर तिच्या हातांकडे बघून कळणार होतं.

तातडीच्या दवाखान्याच्या दारात मोठी पाटी होती. खोकला, ताप, भाजणं, कापणं, मुरगळणं, डंख, कानात-नाकात काही जाणं. खाली लाल अक्षरांत, छातीत दुखत असल्यास येथे थांबू नका. ताई पाटी वाचत थांबल्या, तर मागचा आचारी अंगठ्याला फडकं गुंडाळून म्हणाला, "मावशी, निवडताय काय? असेल ते दुखणं घ्या आणि सरका."

खिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"कान दुखतोय."

"डावा की उजवा?"

हे काही ताईंनी ठरवलं नव्हतं. "दोन्ही."

"एका टोकनावर एकच तक्रार."

"अहो, पण कान तर दोन आहेत ना मला."

"मग टोकनं दोन घ्या. दुसऱ्याचा नंबर चारनंतर लागेल."

"डावा," ताई म्हणाल्या.

बाकावर दीड तास गेला. एका बाईच्या मांडीवरच्या पोरीनं नाकात मणी घातला होता आणि आता दुसरा घालू बघत होती. रक्त वाहणाऱ्यांना आधी घेत, म्हणून आचाऱ्याचा नंबर आधी आला; तो उठला, अंगठ्यावरचं फडकं सोडलं आणि मलमपट्टीच्या खोलीत शिरला. दार उघडलं तेव्हा ताईंनी मान लांब करून आत पाहिलं. निळ्या झग्यातली पाठ दिसली. रुंद पाठ, अंबाड्यातून सुटलेले पांढरे केस.

त्यांचा नंबर लागला तेव्हा सव्वादोन झाले होते. तरुण डॉक्टरांनी कानात दिवा टाकला, "कान तर आरशासारखा आहे, आजी" म्हणाले, आणि कुणाला तरी टाके घालायला पलीकडच्या खोलीत पळाले. मलमपट्टीच्या खोलीत ताई आणि ती परिचारिका एवढ्याच उरल्या.

शिंपिणीच्या कल्पनेतली नर्स काही ही नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात, एका टाचेला स्वतःच पट्टी मारलेली. ती कापसाचे बोळे करत होती आणि तिचे हात अगदी शांत होते.

"खरंच कान दुखतोय का?" तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत ताईंना कुणी इतक्या सरळ पकडलं नव्हतं. त्यांनी पर्स उघडली आणि चार चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या, पुरावा टाकतात तशा.

"ही सही तुमची ना?"

सिस्टरनं चष्मा चढवला. "माझी."

"हा माझा भाऊ. मला एकच सांगा. तो इथं येतो तेव्हा त्याच्या तोंडाला वास येतो का?"

"कसला वास?"

"कसला काय! दारूचा."

सिस्टरनं चष्मा परत गळ्यात सोडला. मग म्हणाली, "पेशंटचं मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, ताई. बहीण असलात तरी. तुम्ही त्यांनाच विचारा."

"विचारून झालं. तो चहा चावतो म्हणतो."

"म्हणजे?"

"काही नाही." ताईंचा आवाज चिरका झाला. "हे बघा, मी भांडायला नाही आले. तो बागेत पडून मेला असता दारू पिऊन तर मी तुमच्याकडे आले नसते. माझ्या नशिबाला बोल लावून बसले असते. पण..."

"बागकामाला जपा म्हणून मी त्यांना दर वेळी सांगते," सिस्टर मध्येच म्हणाली, आणि आपण बोलून गेलो हे कळून तिनं ओठ आवळले.

"बागकाम?"

सिस्टर पुन्हा बोळे करायला लागली.

"कसलं बागकाम? आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही."

सिस्टरनं एक चिठ्ठी हलकेच ताईंकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. छापील शब्द होता 'व्यवसाय'. पुढे पेनानं लिहिलं होतं, माळी. चारही चिठ्ठ्यांवर माळी.

"माळी?" ताई म्हणाल्या. "अहो, तो शाळेची बस चालवतो."

कापसाचा बोळा सिस्टरच्या हातातच राहिला. इतका वेळ शांत असलेले ते हात आता उगाच झाकण शोधायला लागले, बाटली शोधायला लागले, आणि मग टेबलाच्या कडेला धरून थांबले. हातांकडे बघून कळेल असं ताईंना वाटलं होतं. कळलं. पण काय, ते अजून कळत नव्हतं.

"बस," सिस्टर म्हणाली. "मुलांची?"

"बेचाळीस."

"मी त्यांना शिडीवर चढू नका म्हणत होते," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "गवत कापायचं यंत्र धरू नका म्हणत होते." मग तिनं चारही चिठ्ठ्या ताईंच्या पुढ्यात सरकवल्या. "मी नाही सांगू शकत. पण ह्या तुमच्या घरातल्या आहेत, तुमच्या पर्समधून निघाल्यात. शेवटपर्यंत वाचल्यात का?"

ताईंनी वाचल्या नव्हत्या. तारीख, वेळ, क्रमांक, सही. सहीच्या खाली काही असतं हे अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिथं त्याच वेटोळ्या अक्षरात, बारीक, कागदाच्या कडेपर्यंत लिहिलेलं होतं. एका टोकनावर एकच तक्रार ऐकायची म्हणून डॉक्टर जखम बघून निघून जात. पण पट्टी बांधताना माणूस जाता जाता जे बोलतो, ते ही बाई लिहून ठेवत होती.

पहिल्या चिठ्ठीवर: उठताना म्हणाले, दाढी करता करता हात थांबला होता, किती वेळ ते कळलं नाही.

दुसरीवर: किटली हातात घेतल्याचं आठवत नाही. हात भाजल्यावर भानावर आले.

तिसरीवर: मधला थोडा वेळ गेल्यासारखा वाटतो. पूर्वीही झालंय. मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

चौथी कालची होती. पहाटे जाग आली ती जमिनीवर. जीभ चावलेली, कपडे ओले. घरी सांगितलेलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे आजच जावे. 'आजच'खाली दोन रेघा.

आणि काल सकाळी त्यानं चादर धुतली, गणवेश चढवला आणि बेचाळीस पोरं शाळेत नेऊन सोडली.

ताईंना आपला दारूचा संशय आठवला आणि लाज वाटली. लगेच त्याहून वाईट वाटलं, कारण क्षणभर त्यांना दारूच असती तर बरं होतं असंही वाटून गेलं. दारू ओतून टाकता येते.

"शाळा कितीला सुटते?" सिस्टरनं विचारलं.

"तीनला."

भिंतीवर दोन पस्तीस झाले होते.

"मला हे डॉक्टरांना सांगावंच लागेल," सिस्टर म्हणाली. "आता मला कळलंय म्हणजे मला गप्प बसता येणार नाही. पण ते टाके घालून येणार, फोन करणार, तिकडं कुणी उचलणार... तोवर बस निघाली असेल. तुम्ही रिक्षानं जा. मी इकडून लागतेच फोनला."

"तुम्ही फोन कराच," ताई म्हणाल्या. असं आपण म्हणू असं त्यांना वाटलं नव्हतं. चिठ्ठ्या तिथंच टेबलावर राहिल्या.

ताई शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा घंटा होऊन गेली होती. बस ओळीत पहिली उभी होती. पोरं चढत होती, एकमेकांच्या दप्तरांना लोंबकळत होती, आणि धाकटा सीटवर वळून मोजत होता. "एकोणतीस, तीस, ए ढकलाढकली नाही, एकतीस." हनुवटीवरचा व्रण पांढरा दिसत होता. इंजिन चालू होतं.

ताई पोरांमधून वाट काढून पायरीवर चढल्या. सवयीनं, दांडीला हात न लावता.

"तू इथं कशी?" धाकट्याचा चेहरा उतरला. "घरी काही झालंय का?"

"गाडी बंद कर."

"का?"

"माळ्यानं बस चालवू नये म्हणून."

आधी त्याच्या मानेवर लाली चढली, मग कानांवर. "माझ्या खिशात हात घातलास," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"घातला."

"जन्मभर दुसऱ्याच्या खिशात हात! घरीसुद्धा माणसाला..."

"शिव्या घरी दे. किल्ली दे."

"ताई, पोरं ऐकतायत. उतर खाली. पंधरा मिनिटांची फेरी आहे, सोडतो आणि येतो. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे."

"किती वेळ जातोस तू?"

"कुठं?"

"जातोस तिथं."

"मला कसं कळणार?" तो अगदी हळू म्हणाला. "मी नसतोच ना तिथं." मग ताईंच्या खांद्यावरून बाहेर बघत घाईघाईनं बोलायला लागला, जसा लहानपणी दगड मारून आल्यावर बोलायचा. "गाडीवर नाही झालं कधी. परवा एकदाच, तेही सरळ रस्ता होता. पुढच्या महिन्यात फिटनेसची तपासणी आहे. तिथं कळलं की मी संपलो. पहिल्या तिन्ही वेळा दवाखान्यात जाता जाता सांगून पाहिलं, म्हटलं एखादा तरी म्हणेल, की अहो काही नाही, झोप कमी पडते. एकानं तरी म्हणायला हवं होतं ना. किरकोळ म्हणूनच तर गेलो किरकोळ दवाखान्यात."

"काका, चला ना!" मागून शिंपिणीची नात ओरडली. "मला शू लागलीय!"

"आज काही होणार नाही गं," धाकटा म्हणाला. "काल होऊन गेलंय. आज नाही होणार."

ताईंना त्याची इतकी दया आली, की किल्ली मागणं त्यांना जड गेलं. आजवर पकडलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी म्हणाला होता, फक्त आजच, फक्त दोन थांब्यांपुरतं. त्यातले काही खरं बोलत असतील. त्या खालच्या पायरीवर बसल्या, पदर आवरून, दाराच्या खाचेत. आता दार लागणं शक्य नव्हतं.

"मी उठणार नाही," त्या म्हणाल्या.

पोरं हसली. धाकट्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, भाजलेला आणि चेमटलेला. मग इंजिन बंद पडलं. त्यानं किल्ली काढली आणि ताईंच्या हातात दिली नाही. स्वतः उतरला आणि गाड्यांच्या कारकुनाच्या खिडकीशी गेला. ताई दहा पावलं मागे राहिल्या, पण कान तिकडंच.

"मला बरं वाटत नाही," धाकटा म्हणाला.

कारकून फोन कानाला लावून होता. पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. त्यानं फोनवर हात ठेवून धाकट्याकडे पाहिलं. "काय होतंय?"

धाकट्यानं मागे वळून ताईंकडे पाहिलं. ताईंनी नजर हलवली नाही.

"मला मध्येच भान राहत नाही," तो म्हणाला. "दोन महिने झाले." आणि किल्ली खिडकीत ठेवली.

मैदानाकडच्या छोट्या गाडीची ड्रायव्हरबाई बदली आली. बाई तयारीची होती, पण हा रस्ता तिला नवा. कुठं वळायचं, कुणाला कुठं उतरवायचं हे धाकट्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. बावीस वर्षांत कधी कागदावर उतरवायची वेळच आली नव्हती. म्हणून तो पुढच्या बाकावर बसला, खिडकीशी, आणि ताई त्याच्या शेजारी. बावीस वर्षांत तो त्या बसमध्ये प्रवासी म्हणून पहिल्यांदा बसला होता. गुडघे कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"गिअर हळू टाका," तो म्हणाला. "दुसरा जरा हट्टी आहे."

"कळलं, काका."

"इथं उजवीकडे. हा, सावकाश. त्या पानवाल्यापाशी तिघं उतरतील." तिघं उतरली. "आता सरळ." त्याचा आवाज मोकळा होत चालला होता. एकदा तर त्यानं ताईंकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे बघ, काही झालंय का. ताई त्याच्याकडेच बघत होत्या. त्याच्या पापण्यांकडे, ओठांकडे, हातांकडे. आपण आता उरलेला जन्म असंच बघत राहणार, हे त्यांना दिसत होतं.

"आता पुढच्या चौकात डावीकडे," धाकटा म्हणाला, "आणि मग निळ्या..."

वाक्य तिथंच राहिलं.

तो पडला नाही, की वाकला नाही. डोळे उघडे, समोर रस्त्यावर. फक्त ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, आणि उजवा हात शर्टाचं बटण चाचपत होता, परत परत. ताईंनी त्याचं मनगट धरलं. मनगट ऊन होतं, नाडी चालत होती. पण तो तिथं नव्हता.

"डावीकडे ना, काका?" ड्रायव्हरबाईनं विचारलं. "काका?"

बसमध्ये गडबड चालू होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. शिंपिणीची नात मागून उठून पुढे आली. तिनं काकांकडे पाहिलं, मग ताईंकडे. "डावीकडे," तीच म्हणाली. "मग निळं फाटक."

बस वळली. चौक मागे गेला. समोरून एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. निळ्या फाटकाशी बस थांबली, दार उघडलं, एक भाऊ आणि त्याची बहीण उतरली, बाटली राहिली म्हणून भाऊ परत चढला, परत उतरला. दार लागलं. बस निघाली. ताईंच्या मुठीतलं ते मनगट तेवढा सगळा वेळ कुणा परक्याचं असल्यासारखं होतं.

"...फाटकाशी जपून घ्या," धाकटा म्हणाला. "तिथं गटार उघडं आहे."

ड्रायव्हरबाईनं आरशातून एकदा पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. धाकट्याला आपलं मनगट धरलेलं जाणवलं. त्यानं ताईंच्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"काय झालं? असं काय बघतेस?"

ताईंनी खोटं बोलून पाहिलं असतं, पण तोंडात शब्द आला तो खराच. "निळं फाटक गेलं," त्या म्हणाल्या.

धाकट्यानं वळून मागच्या काचेतून पाहिलं. फाटक लांब राहिलं होतं, अंगठ्याएवढं. मग त्यानं मागच्या बाकांवरून नजर फिरवली, ओठ हलवत, मोजत, जसा रोज मोजायचा.

"ती दोघं नीट उतरली का?" त्यानं विचारलं.

"उतरली," ताई म्हणाल्या.